‘द बिग यू’ : नील स्टीफन्सनची पहिली, त्यालाच नकोशी झालेली कादंबरी

अधोरेखित

अमेरिकन विज्ञानकथालेखक नील स्टीफन्सनचे चाहते इथे भरपूर आहेत. त्याच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीच्या धाग्यावर तर शंभरी गाठेपर्यंत भांडणं झालीत. पण १९८४ साली आलेल्या त्याच्या पहिल्या कादंबरीबद्दल, ‘द बिग यू’बद्दल, कुणी चकार शब्द काढलेला दिसला नाही. नुकतीच वाचून संपवली, म्हणून हा प्रपंच. (पुढे कथानकाचा बराचसा भाग येतो. रसभंग नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

पुस्तकाची कुळकथा आधी सांगतो. व्हिंटेजनं ती छापली, फारशी कुणी वाचली नाही, आणि ती बाजारातून नाहीशी झाली. १९९२ मध्ये ‘स्नो क्रॅश’ गाजली आणि चाहते मागचं काय काय आहे ते शोधायला लागले. ईबेवर जुन्या प्रती शेकडो डॉलरना जायला लागल्या. स्टीफन्सनला स्वतःला हे पुस्तक पुन्हा छापलं जाऊ नये असंच वाटत होतं. शेवटी २००१ मध्ये त्यानं होकार दिला. लोकांनी हे पुस्तक वाचणं वाईटच, पण ते वाचायला एवढे पैसे मोजणं त्याहून वाईट, असा त्याचा युक्तिवाद!

कथा घडते ‘अमेरिकन मेगाव्हर्सिटी’ नावाच्या विद्यापीठात. हे सगळं विद्यापीठ म्हणजे एकच अजस्र इमारत, तिचं नाव प्लेक्स. वर विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे आठ मनोरे, खाली वर्ग, भोजनगृहं, कचेऱ्या, आणि त्याखाली गटारं. आत शिरलेला विद्यार्थी वर्षभर उन्हात पाऊल न टाकता पदवीच्या दिशेनं सरकू शकतो. निवेदक बड हा तिथे रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांवरून जमीन वाचणं) शिकवणारा प्राध्यापक. हे सगळं तुमच्याही विद्यापीठात होऊ शकतं, आमचं फक्त काही वर्षं पुढे होतं, असं तो सुरुवातीलाच बजावतो.

पात्रांची जंत्री मोठी आहे. कॅसिमिर रेडॉन हा भौतिकशास्त्र शिकायची खरोखर भूक असलेला आणि म्हणूनच सतत उपाशी राहणारा विद्यार्थी. सारा जेन जॉन्सन ही विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष. व्हर्जिल हा संगणकातला किमयागार. फ्रेड फाइन हा गटारात उतरून भूमिका-खेळ खेळणारा. शिवाय ‘स्टालिनिस्ट अंडरग्राउंड बटालियन’, ‘टेम्पल ऑफ अनलिमिटेड गॉडहेड’ नावाचा पंथ, निऑनच्या पाटीला देव मानणारी ‘टेररिस्ट’ नावाची दंगेखोर पोरांची टोळी आणि क्रोटोबाल्टिस्लाव्होनिया नामक देशातून आलेले सफाई कामगार. तळघरात अणुकचरा. गटारात त्या कचऱ्यावर पोसलेले राक्षसी उंदीर. एवढं वाचून कपाळाला आठी पडली असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

पण मला हे पुस्तक आवडलं, आणि ते या यादीमुळे नव्हे. स्टीफन्सननं बॉस्टन युनिव्हर्सिटीतून १९८१ मध्ये भूगोलात पदवी घेतली. सोबत भौतिकशास्त्र. हा माणूस लेखक होण्याआधी नकाशे वाचायला शिकला आणि ते इथे पानोपानी दिसतं. विनोदाची सगळी इंधनपुरवठा-यंत्रणा म्हणजे ती इमारत. कुठला मजला कुणाच्या डोक्यावर आहे, कुठली भिंत किती पातळ आहे, लिफ्ट बंद पडली की कोण कुणाच्या हद्दीतून जातं, यावरून वैरं ठरतात. माणसं वाईट आहेत म्हणून तिथे वाईट वागतात असं नाही, आराखडाच तसा आहे.

उदाहरण म्हणून स्टिरिओचं युद्ध घ्या. एफ्राइम क्लाइन तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, बाखच्या ऑर्गनवर जीव टाकणारा. त्याच्या खोलीत जॉन वेस्ली फेनरिक, कर्कश रॉकवाला. खोली एक, स्टिरिओ दोन. एकानं आवाज वाढवला की दुसऱ्याला वाढवणं भाग. कमी करणं म्हणजे शरणागती. मग यंत्रसामग्री वाढते, डावपेच वाढतात. दोघांचीही भूमिका आपापल्या जागी अगदी तर्कशुद्ध. शस्त्रस्पर्धेवरचं इतकं नेमकं लेखन मी भल्या भल्या राजकीय कादंबऱ्यांत वाचलेलं नाही. १९८४ हे रेगनचं, शीतयुद्धाचं साल आहे हे लक्षात घ्या. आणि लेखक तसं कुठेही बोलून दाखवत नाही, हे विशेष.

उत्तरार्धात मात्र गाडी घसरते. प्लेक्समध्ये खरंखुरं युद्ध पेटतं, बंदुका निघतात, माणसं मरतात आणि विनोद तसाच चालू राहतो. तिथे माझं लेखकाशी बिनसलं.

कुणी वाचली असेल तर लिहा. लेखकानं नाकारलेलं पुस्तक वाचकानं का म्हणून नाकारावं?

रिकामटेकडा

वाचनखूण साठवली. स्टीफन्सनचं एकही पुस्तक मी आजवर शेवटापर्यंत नेलेलं नाही. ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ अजून उशाशी आहे, अधूनमधून डोकं टेकवायला उपयोगी पडतं. ही किती पानी आहे?

अधोरेखित

त्याच्या मानानं सडपातळ. तीनशेच्या आसपास.

शून्यप्रहर

छान धागा. मी वाचली आहे, फक्त ‘वर्म’साठी. अधोरेखित यांनी त्याला एक ओळही दिली नाही याचा निषेध!

विद्यापीठाच्या मेनफ्रेममध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक महासंगणकात, एक वर्म (आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम) घुसून बसलाय. तो नोंदी बिघडवतो, कारभार खिळखिळा करतो, आणि व्हर्जिल त्याच्याशी जवळजवळ एकट्यानं झुंजतो. ते भाग आजही वाचवतात, कारण लिहिणाऱ्यानं टर्मिनलसमोर रात्री काढल्यात हे कळतं. स्टीफन्सन आधी भौतिकशास्त्राकडे होता. भूगोलात गेलं की विद्यापीठाच्या मेनफ्रेमवर जास्त वेळ मिळतो हे ध्यानात आल्यावर त्यानं विषय बदलला. म्हणजे तुमच्या नकाशाच्या सिद्धान्ताला माझा हा सुरुंग! नकाशे नव्हे, संगणकाचा वेळ.

बरेच जण म्हणतात की त्यानं मॉरिस वर्मचं भाकीत केलं. तो इंटरनेटवर पसरलेला वर्म १९८८ च्या नोव्हेंबरमधला, आणि कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं सोडलेला, म्हणजे विद्यापीठातलंच प्रकरण. योगायोग झकास आहे, पण भाकीत वगैरे नको. जॉन ब्रनरनं ‘द शॉकवेव्ह रायडर’मध्ये १९७५ लाच नेटवर्कमध्ये फिरणारा ‘टेपवर्म’ रंगवला होता. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी आपल्या प्रयोगांना वर्म हे नाव तिथूनच उचललं आणि १९८२ मध्ये त्यावर लेखही छापला. स्टीफन्सनचं श्रेय वेगळं आहे. वर्ममुळे विद्यापीठ कोसळत नाही, जेमतेम का होईना चालूच राहतं, आणि बराच काळ कुणाला फरकही कळत नाही. कारभार मुळातच इतका अगम्य की बिघाड कुठला आणि धोरण कुठलं हे ओळखता येऊ नये. मोठ्या संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये काम केलेल्या माणसाला हे विनोदी वाटणार नाही.

अधोरेखित

निषेध मान्य. सुरुंग मात्र फुसका आहे. मेनफ्रेमसाठी गेला असेल, पण शिकला भूगोलच ना? निवेदकाला रिमोट सेन्सिंगचा प्राध्यापक कोण करतं हो? इंग्रजी शिकवणारा नायक हातचा सोडून उपग्रहचित्रं वाचणारा नायक घेणं ही आवड झाली.

चार्ल्सकाठची

बॉस्टनमध्ये राहते, म्हणून चार शब्द.

टेररिस्ट ज्या ‘बिग व्हील’ची पूजा करतात ती निऑनची पाटी इथल्या लोकांना लगेच ओळखू येते. केनमोर चौकात, बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अगदी तोंडाशी, एका इमारतीच्या गच्चीवर सिट्गो या तेल कंपनीची साठ फूट उंच-रुंद पाटी आहे. पांढऱ्यावर लाल त्रिकोण. फेनवे पार्कला बेसबॉलचा सामना असला की टीव्हीवर हमखास दिसते. रात्री तिचे दिवे टप्प्याटप्प्यानं लागत जातात आणि पुन्हा विझतात. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरून एकटक पाहत बसलं तर गुंगी येते, हे मी अनुभवानं सांगते.

आता गंमत ऐका. १९७९ मध्ये ऊर्जा वाचवायची म्हणून राज्यपालांनी ती पाटी बंद करायला लावली. पुढे ती पाडायचं घाटत होतं तेव्हा शहरातल्या लोकांनीच गळा काढला, आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा उजळली. म्हणजे स्टीफन्सनच्या विद्यार्थिदशेत तिचा दिवा मालवला आणि पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी पुन्हा लागला. तेल कंपनीच्या जाहिरातीसाठी अख्खं शहर हळवं होतं म्हटल्यावर पोरांनी तिला देव मानणं ही अतिशयोक्ती कुठे राहिली?

दुसरं म्हणजे कुलगुरू. कादंबरीतला सेप्टिमियस सेव्हेरस क्रप वाचताना जॉन सिल्बर आठवल्यावाचून राहत नाही. सिल्बर १९७१ ते १९९६ बॉस्टन युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष. तत्त्वज्ञानाचे माणूस, कांटचे अभ्यासक, टेक्सासचे, आणि जिभेला प्रचंड धार. १९७९ च्या वसंतात तिथे प्राध्यापकांचा संप झाला, पाठोपाठ कारकून मंडळींचा. प्राध्यापकांचा मिटल्यावर संपकरी कारकुनांची निदर्शनांची फळी ओलांडून वर्गात जायला पाच प्राध्यापकांनी नकार दिला आणि त्यांच्यावर कारवाईचा बडगा उगारला गेला. इतिहासकार हॉवर्ड झिन त्या पाचांतले एक. स्टीफन्सन हे सगळं त्या वेळी तिथे विद्यार्थी म्हणून पाहत होता. कादंबरीतले संप आणि संघटना हवेतून आलेल्या नाहीत.

रिकामटेकडा

या प्रतिसादाला दंडवत. पुस्तकापेक्षा धागाच वाचनीय होत चाललाय.

पान७८

सगळे कौतुकात न्हालेत म्हणून थोडं पाणी ओतते.

मी ही कादंबरी पूर्ण वाचली आणि चिडून वाचली. साराच्या मजल्यावरच्या मुलींना लेखकानं ‘एअरहेड्स’ नाव देऊन टाकलं आणि विषय संपवला. क्लाइन आणि फेनरिकच्या भांडणात दोघांनाही तर्क दिलाय असं अधोरेखित म्हणतात. मग या मुलींना तो का नाही मिळाला? एकीलाही स्वतःचं डोकं नाही? टेररिस्टांचा त्रास जिथे साराच्या नजरेतून येतो तिथे विनोद थबकतो आणि पुस्तक एकदम खरं वाटायला लागतं. म्हणजे लेखकाला जमत नव्हतं असं नाही. त्याला सगळीकडे तेवढं थांबायचं नव्हतं.

आणि युद्धाबद्दल. “गाडी घसरते” हे फार सौम्य झालं. आपण उभं केलेलं जग संपवायचं कसं हे कळलं नाही की तरुण लेखक बॉम्ब फोडतो. स्टीफन्सनचे शेवट नंतरही लंगडेच राहिले, त्याचं मूळ इथे आहे.

शून्यप्रहर

शेवटांबद्दल +१. मुलींबद्दलही. पण हे पुस्तक विशीतल्या पोरानं लिहिलंय, एवढी सूट द्याल की नाही?

पान७८

नाही देणार. विशीत लिहिलेलं पुस्तक तिशीतल्या वाचकाकडून पैसे घेतं ना? २००१ मध्ये परत छापलं तेव्हा लेखक चाळिशीत होता.

खिडकीपाशी

कॅम्पस कादंबरी हा माझा आवडता प्रांत, म्हणून लुडबुड.

ब्रिटिश-अमेरिकन परंपरेत या कादंबऱ्या बहुतांशी मास्तरांच्या. नोकरी पक्की होईल का, परिषदेत कोण कुणाबरोबर हिंडलं, कुणाचा प्रबंध कुणी ढापला. डेव्हिड लॉजची ‘स्मॉल वर्ल्ड’ नेमकी १९८४ चीच, आणि तिच्यात प्राध्यापक विमानांनी जगभर परिषदा करत फिरतात. विद्यार्थी म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी. त्याच वर्षी स्टीफन्सन उलटा खाली उतरतो: खोल्या, कॉरिडॉर, जिना, गटार. निवेदक प्राध्यापक असूनही जग विद्यार्थ्यांचं आहे. एकाच सालच्या या दोन पुस्तकांतलं विद्यापीठ एकच आहे असं वाटतच नाही.

आपल्याकडे ‘कोसला’ हे वसतिगृहाचं पुस्तक, तेही लेखकाचं पहिलंच, १९६३ चं. तुलना करत नाही, घाबरू नका. एवढंच की पांडुरंग सांगवीकर कंटाळला की घरी परत जाऊ शकतो. प्लेक्समधल्या पोरांना बाहेर काही आहे याचाच विसर पडलाय.

कुंपणावरचा

आला! ‘कोसला’ आली! कुठल्याही धाग्यावर विसाव्या प्रतिसादाच्या आत सांगवीकर येतोच अशी पैज मी लावली होती. जिंकलो.

(अवांतराबद्दल क्षमस्व. चालू द्या.)

खिडकीपाशी

:ड

निमसरकारी

गटारातल्या खेळाबद्दल कुणी बोललं नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ आला १९७४ मध्ये. १९७९ ला मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक अगदी कोवळा विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळता खेळता तो हरवला असणार, अशी हवा वृत्तपत्रांनी केली. प्रत्यक्षात तो निराश मनःस्थितीत तिथे गेला होता, आणि नंतर शहर सोडून निघून गेला होता. खेळाचा त्यात हात नव्हता. पण ‘पोरं बोगद्यात जाऊन राक्षसांशी लढतात आणि भान हरपतात’ ही भीती अमेरिकन पालकांच्या मनात पक्की बसली.

फ्रेड फाइन ही त्या भीतीची टवाळी आहे. तो गटारात कल्पनेतल्या राक्षसांना मारायला उतरतो आणि तिथे खरोखरचे महाकाय उंदीर निघतात. पालकांची भीती खरी ठरते, पण भलत्याच कारणानं: खेळामुळे नव्हे, विद्यापीठानं पैशासाठी खाली साठवलेल्या अणुकचऱ्यामुळे. हा डाव मला पुस्तकातला सगळ्यात धारदार वाटला.

अधोरेखित

निमसरकारी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला उंदीर म्हणजे नुसता आचरटपणा वाटला होता. धन्यवाद.

पान७८, मुलींबद्दलचा तुमचा आक्षेप बिनतोड आहे, त्यावर वकिली करणार नाही. युद्धाबद्दल मात्र एक मुद्दा. पूर्वार्धातल्या प्रत्येक भांडणात माघार घ्यायची सोय कुणालाच नाही. मग शेवटी बंदुका निघणं हे त्याच तर्काचं टोक झालं. कल्पना चूक नाही, लांबी चूक आहे.

पान७८

लांबी चूक आणि मेलेल्या माणसांवर विनोदही चूक. निम्मी तडजोड स्वीकारते.

शून्यप्रहर

अजून एक धागा ओढतो, तो थेट ‘स्नो क्रॅश’ला जातो.

ज्युलियन जेन्स या मानसशास्त्रज्ञाचं १९७६ चं गाजलेलं पुस्तक आहे. त्याचा दावा असा की साधारण तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसाला आजच्या अर्थानं आत्मभान नव्हतं. मेंदूचा एक भाग हुकूम सोडायचा, दुसरा तो देवाचा आवाज म्हणून ऐकायचा आणि मुकाट पाळायचा. संशोधकांत या सिद्धान्ताला फारसं कुणी धरत नाही, पण कथाकारांना हा खजिनाच. ‘द बिग यू’मध्ये निऑनच्या पाटीचे आवाज ऐकणारी पोरं या सिद्धान्तातून समजावली जातात. पार्ट्या, दारू, सतत आदळणारा आवाज आणि बंद इमारत यांच्या माऱ्याखाली आत्मभान गळून पडतं आणि मेंदू जुन्या सवयीवर जातो.

आठ वर्षांनी ‘स्नो क्रॅश’मध्ये तोच माल: सुमेर, देवांची भाषा, डोक्यात शिरणारा विषाणू. जेन्सचा प्रभाव तिथेही दिसतो. पहिल्या पुस्तकात संगणकातला वर्म एका कोपऱ्यात आणि मेंदूतले आवाज दुसऱ्या कोपऱ्यात होते. पुढे त्यानं दोन्ही एकत्र केले आणि नाव कमावलं. ‘बिग यू’ वाचताना ते दोन सुटे भाग शेजारी पडलेले दिसतात. मला तरी त्यासाठीच पुस्तकाचे पैसे वसूल झाले.

कॅसिमिरच्या मास ड्रायव्हरचंही तसंच. अंतराळ वसाहतींसाठी चंद्रावरून माती फेकायला जेरार्ड ओनीलनं सुचवलेलं हे विद्युतचुंबकीय यंत्र. त्याचा पहिला नमुना १९७६-७७ मध्ये एमआयटीत विद्यार्थ्यांच्या मदतीनं बांधला गेला, म्हणजे बॉस्टन युनिव्हर्सिटीपासून नदी ओलांडली की पलीकडे. कॅसिमिरच्या हातात ते शस्त्र होतं, हा भाग वेगळा.

चार्ल्सकाठची

यंत्र नदीपलीकडे आणि संप नदीअलीकडे. दोन्ही चालत गाठण्यासारखं. पोरानं सामान जवळपासचंच उचललंय.

खिडकीपाशी

‘अ‍ॅनाथम’ (२००८) वाचलेल्यांना एक प्रश्न. त्यातले विद्वानांचे मठ म्हणजे प्लेक्सच नव्हे का? भिंतींच्या आत आयुष्य, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, दरवाजे वर्षानं, दहा वर्षांनी, शंभर वर्षांनी, हजार वर्षांनी उघडणार. फरक असा की तिथे लेखक त्या भिंतींच्या प्रेमात आहे. १९८४ मध्ये ‘या बंद जगात माणसं वेडी होतात’ म्हणणारा माणूस चोवीस वर्षांनी ‘बंद जगातच डोकी शाबूत राहतात’ म्हणतो. मधल्या काळात विद्यापीठ बदललं की बाहेरचं जग?

अधोरेखित

क्या बात है. यावर माझं उत्तर असं की तो बदललेला नाही. कॅसिमिरला हवं होतं ते विद्यापीठ म्हणजेच ‘अ‍ॅनाथम’चा मठ. शिकायला आलेला पोरगा शिकवणारं कुणी सापडत नाही म्हणून प्लेक्समध्ये भटकतो, ही या पुस्तकातली एकमेव दुःखी रेषा आहे. स्टीफन्सनचे वडील इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक, दोन्हीकडचे आजोबाही प्राध्यापक, एक भौतिकशास्त्राचे, दुसरे जीवरसायनशास्त्राचे. तो वाढलाही विद्यापीठांच्या गावांत, इलिनॉयमधल्या शॅम्पेन-अर्बानात आणि आयोवातल्या एम्समध्ये. घरी ज्या विद्यापीठाच्या गोष्टी ऐकल्या ते शोधत तो गेला आणि मिळाली वसतिगृहाची इमारत. चेष्टेमागे तो राग आहे. त्रयस्थाला विद्यापीठाचा एवढा राग येत नाही.

कुंपणावरचा

मग कुलगुरू क्रप खलनायक आहे की नाही? धाग्यावर दोन्ही सूर ऐकू येतायत.

चार्ल्सकाठची

हाच तर त्याचा मासला. क्रप अणुकचऱ्यावर विद्यापीठ चालवतो, आणि तरीही वादात समोरच्या क्रांतिकारकांपेक्षा त्याचंच बोलणं जास्त धड वाटतं. सिल्बरबद्दलही इथल्या जुन्या लोकांत असंच ऐकू येतं: माणूस भयंकर, पण विद्यापीठाला नाव त्यानंच मिळवून दिलं. लेखकानं निकाल दिलेला नाही. मला ते आवडलं. काहींना पळवाट वाटेल.

पान७८

मला वाटली. पण क्रप लक्षात राहतो, हे कबूल. बाकी क्रांतिकारकांतला एकही आठवत नाही.

रिकामटेकडा

आता कामाचं बोला. मी ‘क्रिप्टोनॉमिकॉन’मध्ये अडकलेला माणूस आहे. सुरुवात ‘बिग यू’नं करू का?

अधोरेखित

नको. आधी ‘झोडिअ‍ॅक’ घ्या, १९८८ चं, दुसरं पुस्तक. बॉस्टनच्या बंदरात विषारी कचरा सोडणाऱ्या कंपन्यांच्या मागे लागलेल्या माणसाची गोष्ट. तोच कचरा, तेच शहर, पण पात्रं मोजकी आणि हात बसलेला. मग ‘बिग यू’.

पान७८

आधी ‘झोडिअ‍ॅक’ वाचलं तर मग ‘बिग यू’ची गरजच उरणार नाही.

अधोरेखित

अजिबात मान्य नाही. ‘झोडिअ‍ॅक’मध्ये क्रप नाही.